वजनाला बसलेली माणसं

माझ्या दुकानासमोर एक लाकडी बाकडं आहे. गिऱ्हाइकांना वाटतं, ते वाट पाहत बसायला ठेवलं आहे. तसं नाही. ते माझं हत्यार आहे. जॅक, पाना, हवेचा पाइप तसंच हे बाकडं. ते नसतं तर माझं निम्मं काम मला जमलंच नसतं.

दिवाळी अंकाचे संपादक माझे जुने गिऱ्हाईक. ते म्हणाले, "टायरवाल्याचे अनुभव लिहा, पण ज्याले सायकलचं पंक्चर काढता येत नाही त्याले बी समजन असं लिहा." मी म्हटलं, लिहितो, पण माझी भाषा धुऊनपुसून छापू नका. आमच्या आदिलाबादची मराठी अशीच आहे. पीठ वऱ्हाडी, पाणी तेलुगू, आणि कचेरीत गेलं की वरून उर्दूचं मीठ. ज्याला पचत नसेल त्यानं पुढचं पान उलटावं.

माझं दुकान गावाबाहेर, नागपूर-हैदराबादच्या मोठ्या रस्त्याला लागून. सारी उमर टायरमधे गेली. पंक्चर काढले, ट्रकचे टायर घण मारून उतरवले, मंग अलाइनमेंटचं मशीन घेतलं. आणि अलीकडे एक नवीनच रोग आला. रोगाचं नाव घासणं.

तो कसा होतो ते सांगतो. पोरं गाडी घेतात आणि पहिल्या महिन्यात कंपनीची रिंग काढून फेकतात. तिच्या जागी मोठी, रुंद, चकचकीत अलॉय टाकतात, तिच्यावर रुंद टायर. गाडी पहिलवानासारखी दिसते हे खरं आहे, मलाही आवडते. पण कंपनीनं चाकाभोवती जागा ठेवलेली असते ती जुन्या टायरच्या मापाची. पाय वाढला आणि जोडा तोच राह्यला. मंग टायर आतून शॉकअपला, म्हणजे धक्के झेलणाऱ्या दांड्याला, खेटतं, किंवा पुढचं चाक पूर्ण वळवलं की प्लॅस्टिकच्या पडद्याला लागतं, नाहीतर बाहेरून मडगार्डच्या कडेला घासतं. ही कड सगळ्यात वाईट. चाकाच्या वर हात घालून पाहा, पत्रा आतल्या बाजूला बोटभर दुमडलेला असतो. गाडी खड्ड्यात दबली की ती दुमड टायरवर विळीसारखी बसते. आधी खर्र असा आवाज येतो, मंग जळक्या रबराचा वास. आणि तरीही कुणी लक्ष दिलं नाही तर एक दिवस भर रस्त्यात टायर फुटतं.

आता खरी अडचण ऐका. रिकामी गाडी घासत नाही. मालक शपथेवर सांगतो की घासते, आणि माझ्या दारात उभी राह्यली की गाडी गुपचूप. डॉक्टरसमोर खोकला थांबतो ना, तसं. भरल्याशिवाय ती बोलत नाही. सुरुवातीला मी रेतीची पोती भरून पाह्यली. पण पोतं जिथं ठेवलं तिथं मुकाट बसतं. वळणावर कलत नाही, खड्ड्यात उसळत नाही, बाजूच्याच्या अंगावर पडत नाही. गाडीला माणूसच लागतो.

म्हणून ते बाकडं. त्यावर रोज बसणारे दोघं जण. एक वामनराव, तहसील कचेरीतले रिटायर क्लार्क. बांबूसारखे उंच, आणि अजूनही कचेरीतच बसल्यासारखे बोलतात. दुसरा नरसय्या, बाजूच्या चहाच्या टपरीचा मालक. तो एकटा दीड माणसाच्या वजनाचा आहे आणि त्याचा त्याला अभिमान आहे. गाडी आली की मी हाक मारतो, "चला, वजनाला बसा." वामनराव वहाणा घालतात, नरसय्या गॅस बारीक करतो, "सरे, पोदाम" म्हणजे चला जाऊ, असं म्हणतो, आणि दोघं अनोळखी माणसाच्या गाडीत पाहुण्यासारखे जाऊन बसतात. कमी पडलं तर रस्त्यानं जाणारा कुणीही. आदिलाबादेत या कामाला कधी कुणी नाही म्हटलं नाही. एकदा माझ्या बायकोला बोलावलं होतं. ती म्हणाली, "लोकांच्या बायकायले दागिने घालायले बोलावतात, मले वजन म्हणून बोलावता." तेव्हापासून तिला बोलावलं नाही.

बसण्याआधी वामनराव खिशातून चुन्याची डबी काढतात. पान-तंबाखूचा ओला चुना. तो मी टायरच्या खांद्याला, म्हणजे कडेच्या गोलाईला, बोटानं फासतो. गाडी एक चक्कर मारून आली की चुना जिथं उमटला तिथं रोग. वामनराव वाकून पाहतात आणि म्हणतात, "मुआइना झाला, आता फैसला करा." मुआइना म्हणजे कचेरीतली तपासणी.

या बाकड्यानं मला लय माणसं दाखवली. भैंसा गावच्या एका जिनिंगवाल्याचा पोरगा यायचा. त्याला पक्कं वाटत होतं की काकूची नजर लागली म्हणून गाडी ओरडते. त्यानं पुढं लिंबू-मिरची, मागं लिंबू-मिरची, आणि बंपरखाली तारेनं काळी बाहुली बांधली होती. वजन भरून चक्कर मारली, चुना पाह्यला, तर मडगार्ड साफ. टायर घासत होतं त्या बाहुलीला. मी ती कापली, आवाज बंद. पोरगा घाबरून म्हणे, "अन् नजर लागली तं?" मी म्हटलं, "लागू दे, नजर रबर खात नाही."

एकदा तर वरात दारात आली. नवरदेवाची फुलांनी मढवलेली गाडी, रुंद टायर, आणि आत इतके पाहुणे की दार बाहेरून ढकलून लावलेलं. मागचं चाक फुलांच्या माळा ओढून चिवडा करत होतं. मी म्हटलं, काम करायला वेळ नाही, दोन माणसं उतरवा आणि हळू न्या. कोण उतरणार? वरमाय उतरेना, मामा उतरेना, आत्याबाईंनी तर तोंडच फिरवलं. नवरदेवाच्या गाडीतून उतरणं म्हणजे मान गेला. शेवटी नवरदेवच उतरला आणि नरसय्याच्या मोटारसायकलवर मागं बसून मांडवात गेला. गाडी वाजतगाजत त्याच्या मागून.

पण मला लिहायचं आहे ते दौलतबाबांबद्दल. बाकी सगळं त्यासाठीच सांगितलं.

दसऱ्याच्या सुट्ट्या लागल्या होत्या. एक बाई छोटी पांढरी गाडी घेऊन आल्या. सुजाता मॅडम, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. गाडी सेकंडहँड, पण लेकरासारखी ठेवलेली. चाकं मात्र जवान, रुंद काळी अलॉय. मी विचारलं, "कुणाची हौस?"

"आमच्या मिस्टरांची," त्या म्हणाल्या. "काका, मागून डावीकडं घासते. शहरात दोन ठिकाणी दाखवली. दोघांनी पुढचा प्लॅस्टिकचा पडदा कापून दिला अन् झालं म्हणले. पण नाही झालं."

"कवा घासते?"

त्या म्हणाल्या, "बाबा बसले की. माझे वडील."

"बाबाचं वजन किती?"

"वजन कुठलं जी. वाऱ्यानं उडतीन असे हायत. आमी घरचे सगळे बसलो, सासरचे पाहुणे बसले, काही आवाज नाही. बाबा बसले की घासते."

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. बाकड्यावर बसल्या आणि सगळं सांगितलं. दौलतबाबा बेल्याकडच्या एका गावात सालदार होते. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर एकाच्याच शेतात राबणारा माणूस. त्यातून त्यांनी ही पोरगी शिकवली. दर दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं, हा त्यांचा नेम. आधी ट्रकमधे उभं राहून गेले, मंग गर्दीच्या बसनं. आता गुडघे गेले. म्हणून मॅडमनी गाडी घेतली. घेतली ती बाबांना नागपूरला बसवून न्यायला, दुसरं काही कारण नव्हतं. आणि पहिल्याच दिवशी बाबा बसले, वळणावर गाडी खर्र करून ओरडली. दुसऱ्यांदा बसले, पुन्हा ओरडली. तिसऱ्यांदा जावई हसत बोलून गेला, "मामा, तुमी बसले का गाडी रडते."

"त्यांनी गमतीनं म्हटलं," मॅडम म्हणाल्या. "पण बाबा त्या दिवशी उतरले ते पुन्हा बसले नाहीत. म्हणतात, मले गाडी सोसत नाही माय, मी बसनं जातो. काका, त्यांच्यानं बसमधे उभं राहवत नाही. अन् ते बसनं गेले तर ही गाडी माझ्या काय कामाची?"

मी म्हटलं, "सोपं हाय. कंपनीची रिंग परत टाका."

"तेच करू नका," त्या घाईनं म्हणाल्या. "त्यांना समजलं की त्यांच्यापायी जावयाची चाकं काढली, तर ते माझ्या घरी पाय नाही ठेवायचे. चाकं राह्यली पाह्यजेत. आवाज गेला पाह्यजे. अन् बाबाले पटलं पाह्यजे की आवाज त्यांच्यामुळं नव्हता. दसऱ्याच्या आत."

असं गिऱ्हाईक आलं की माझं डोकं तापतं. तिन्ही गोष्टी पाहिजेत, आणि त्याही सणाच्या आत. पण ती बाई तिचा बाप मागत होती, गाडी नाही. मी बाकड्याकडे हात केला.

वामनराव पुढं बसले, नरसय्या मागं, एक ओळखीचा भाजीवाला आणि मॅडमच्या शाळेकडचा कुणी शिपाई असे गाडी भरून. चुना लावला. बायपासच्या उजव्या वळणावरून गाडी फिरवून आणली. मी चाकाखाली डोकं घातलं. कड कोरडी. चुना टायरवर जसाच्या तसा. जुनी घासण पुसट दिसत होती, पण नवी नाही. पुन्हा गेलो, खड्ड्यातून नेली, नरसय्याला मुद्दाम डावीकडे बसवला. तरी कड कोरडीच. नरसय्या खाली उतरून म्हणाला, "अन्ना, मी घासलो नाही म्हणजे माझं वजन कमी झालं का?"

तुम्ही म्हणाल, पुसट घासण दिसली होती ना, मंग तिथंच पत्रा का नाही वळवला? मी तसा काम करत नाही. पत्रा वळवताना रंग तडकू शकतो, आणि एकदा वळला की परत येत नाही. किती वळवायचा हे डोळ्यानं पाह्यल्याशिवाय मी हात लावत नाही. शिवाय रोग कळला नाही तर त्या म्हाताऱ्याला काय सांगणार? मी मॅडमना म्हटलं, "उद्या बाबाले घेऊन या."

"ते गाडीत बसत नाहीत काका."

"बसायले नका बोलावू. कामाले बोलवा. म्हणा, टायरवाल्याले एक माणूस कमी पडून राह्यला."

त्यांनी माझ्याकडे पाह्यलं आणि मान डोलावली. माझा अंदाज असा होता की जन्मभर राबलेला माणूस बसायच्या बोलावण्याला नाही म्हणू शकतो, कामाच्या हाकेला नाही म्हणू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दौलतबाबा ऑटोतून उतरले. पांढरं धोतर, निळ्या काठाचा दुपट्टा, खांद्याला कापडी पिशवी. मॅडमची गाडी मागून आली, तिच्यात जावई मिलिंद आणि दोन नाती. आजोबा ऑटोत आणि लेक गाडीत, हे पाहूनच मला कसंतरी झालं. मी म्हटलं, "जय भीम बाबा."

"जय भीम. काय काम हाय दादा? गुडघ्याचं नको सांगू."

"बसायचं काम हाय. मी सांगतो थोपर्यंत गाडीत बसायचं."

त्यांनी गाडीकडे आणि मंग लेकीकडे पाह्यलं. डाव त्यांना समजला होता, पण माझ्या तोंडावर नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "थे रडते बरं," एवढं म्हणाले.

"रडू द्या. मले ऐकायचंच हाय."

बाबा मागचं डावं दार उघडून बसले. दोघी नाती त्यांच्या मागं घुसल्या, कारण आजोबा जिथं तिथं त्या. नरसय्याच्या कढईतलं दूध उतू चाललं होतं म्हणून तो टपरीकडे पळाला. मी चुना लावला, मॅडमना गाडी काढायला सांगितली आणि वळणाच्या तोंडाशी जाऊन उभा राह्यलो. गाडी उजवीकडे वळली आणि मला स्वच्छ ऐकू आलं, खर्र. मिलिंद माझ्या बाजूला उभा होता. त्यानं डोळे मिटून घेतले.

गाडी परत आली. कडेवर चुन्याची पांढरी रेघ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. वामनराव वाकले, रेघ पाह्यली आणि डबी खिशात घातली. आतून दौलतबाबा म्हणाले, "पाह्यलं दादा? म्या म्हटलं होतं. उतरू का?"

"उतरू नका. हलू बी नका," मी जरा चढ्या आवाजातच म्हटलं आणि खिडकीतून आत पाह्यलं.

मागची अख्खी उजवी बाजू रिकामी. तिथं फक्त नातीची ओढणी पडली होती. बाबा दाराला चिकटून, अर्ध्या मांडीवर, डावा हात दारावरच्या धरायच्या कडीला, पिशवी पायाशी, पाण्याची मोठी कॅनही पायाशीच. एक नात त्यांच्या मांडीवर, दुसरी त्यांच्या खांद्यावर रेललेली. आमच्या भरलेल्या गाडीत नरसय्या डावीकडे असला तरी उजवीकडेही माणसं होती, वजन वाटलं गेलं होतं, सगळी ऐसपैस बसली होती. इथं तिघं जण, सामान, सगळं एका चाकाच्या डोक्यावर. गाडी भरली नव्हती, कलली होती.

"बाबा, नेहमी असेच बसता?"

"हाव. टायरच्या वर. सवय हाय." ते कडी न सोडता म्हणाले. "मालकाच्या ट्रॅक्टरवर जिंदगी गेली ना. सीट ड्रायव्हरची, आमी मडगार्डवर. अंग बाहेर ठेवायचं, एका हातानं धरून राह्यचं, म्हंजे ड्रायव्हरच्या कोपराले धक्का लागत नाही. आता मधात बसलो तं पडल्यासारखं वाटते."

सुजाता मॅडम स्टिअरिंगवरून मागं वळल्या होत्या. त्यांना एका क्षणात सगळं उमगलं. "बाबा, मंग थोडं सरकून बसा ना," त्या म्हणाल्या. "एवढंच तर हाय. मधात बसा, पोरींना तिकडं..."

"मॅडम," मी म्हटलं, "तुमी बोलू नका."

मी बाईमाणसावर असा कधी खेकसत नाही, पण खेकसलो. फुकटातलं, बिनकष्टाचं उत्तर समोर होतं, मला दिसत नव्हतं असं नाही. म्हाताऱ्याला हातभर सरकवलं की आवाज बंद. पण त्या माणसाला सरक म्हणणारे त्याच्या आयुष्यात कमी झाले होते का? लेकीच्या गाडीतही त्याला कुणी तेच सांगावं, आणि ते माझ्या दुकानात सांगावं, हे मला सोसलं नसतं. माझ्या धंद्यात पत्रा सरकवतात, माणूस सरकवत नाहीत.

दौलतबाबा माझ्याकडे पाहत होते. म्हातारा हुशार. "सगळे बसतात तवा काऊन नाही घासत मंग?"

खोटं बोलून त्यांना पटलं नसतं. मी म्हटलं, "ते पसरून बसतात, तुमी कोपऱ्यात बसता. म्हणून घासते. आता मले सांगा, कंपनीनं सीट कुठपर्यंत दिली?"

त्यांनी हातानं चाचपून पाह्यलं. "दारापर्यंत."

"म्हंजे तुमी सीटच्या बाहेर बसले का?"

"नाही."

"टायरची जागा कुठी? मडगार्डच्या आत. अन् हे टायर कुठी हाय?" मी हाताची आडवी बोटं ठेवून दाखवलं. "बाहेर आलं. तुमी आपल्या जाग्यावर हाय बाबा. टायर आपल्या जाग्यावर नाही. चुकलं कोण?"

त्यांनी खिडकीतून वाकून त्या टायरकडे पाह्यलं. मंग म्हणाले, "टायर."

"झालं मंग. आता काम सुरू. उतरू नका, तुमच्याच वजनाचं काम हाय."

हे मात्र मी त्यांना खूष करायला म्हटलं नव्हतं. पत्रा वळवायची माझी रीत जुनी आहे. सागाचा एक जाड दांडा आहे माझ्याकडे. निर्मल गावच्या एका लाकडी खेळणीवाल्याकडून त्याच्या लाकूड कातायच्या चरखावर गोल करून घेतलेला. ते लोक खेळण्यांना हलकं लाकूड वापरतात, मी साग घेऊन गेलो तेव्हा तो म्हणाला होता, "एवढं लाटणं? पोळी कोण खाणार हाय?" तर हा दांडा टायर आणि मडगार्डच्या कडेच्या मधात अडकवायचा. रंगावर गरम हवा मारून पत्रा कोमट करायचा, म्हणजे रंग तडकत नाही. मंग गाडी हातानं ढकलून वीतभर पुढं, वीतभर मागं. टायर फिरतं, दांडा फिरतो, आणि पोळी लाटावी तशी कड वर दबत जाते. पण त्यासाठी गाडीवर वजन पाहिजे, आणि बरोबर त्याच कोपऱ्यात पाहिजे. वजन मधात असलं तर दांडा सैल फिरतो.

गाडी ढकलायला नरसय्या आणि मिलिंद. मी चाकाशी, गरम हवेचं मशीन हातात. "पुढं," मी म्हणायचो, आणि ते ढकलायचे. "मागं." बाबा आत दाराला टेकून, कडी धरून, अगदी तसेच बसलेले जसे आयुष्यभर बसले. थोड्या वेळानं तेच सांगायला लागले. "दादा, टोकाले अजून दांडा उसळून राह्यला. मले मांडीखाली समजते." मी पाह्यलं तर खरंच टोकाची कड राह्यली होती. इतकी वर्षं चाकावर बसलेल्या माणसाला चाक बसल्या जागी कळतं. मंग मी विचारायचो आणि ते सांगायचे, "आता गोल चालला. आता बसला." नाती खिदळत होत्या. मॅडम बाकड्यावर वामनरावांच्या बाजूला बसल्या होत्या आणि पदराचं टोक तोंडात धरून होत्या.

कड वळली. रंगाला एक चीर नाही. मी बोट फिरवून पाह्यलं, गुळगुळीत. मला माझ्या कामाचा गर्व आहे, तो मी लपवत नाही. त्या दिवशी जरा जास्तच होता.

पुन्हा चुना, पुन्हा तीच माणसं, तोच कोपरा, तीच पिशवी पायाशी. मॅडमनी गाडी वळणावर नेली आणि मी कान देऊन उभा राह्यलो. काही नाही. नुसता टायरचा डांबरावरचा आवाज. मी त्यांना खड्ड्यातून न्यायला हात केला, तरी काही नाही. परत आले तेव्हा कड कोरडी होती. वामनराव म्हणाले, "फैसला बाबांच्या बाजूनं."

दौलतबाबा उतरले, वाकून चाकाकडे पाह्यलं, त्या काळ्या अलॉयवरून दुपट्ट्याचं टोक फिरवलं. मिलिंद मान खाली घालून बाजूला उभा होता, ढकलून ढकलून घामानं भिजलेला. बाबाच म्हणाले, "जावईबापू, चाकं शोभतात बरं." त्यावर तो पोरगा एवढंच म्हणू शकला, "मामा, दसऱ्याले लवकर निघू." बाबा म्हणाले, "निघू." आणि जाताना ते ऑटोनं गेले नाहीत.

आता वयानं माझेही गुडघे बोलायला लागले आहेत. चाकाखाली डोकं घातलं की उठताना कुणाचा तरी हात लागतो. नवीन दुकानांत मशीनच गाडी दाबून दाखवतं, तिथं बाकडं नसतं. वामनराव हल्ली मुलाकडे हैदराबादला जास्त राहतात आणि फोनवर विचारतात की त्यांच्या जागी कोण बसतं. दुसरं कुणी बसतं म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल. मी खोटंच सांगतो की कुणी बसत नाही. खरं तर कधी कधी दौलतबाबा येऊन बसतात. बाकड्याच्याही कोपऱ्यातच.

त्याच दसऱ्यानंतर सुजाता मॅडम हवा भरायला आल्या होत्या. मी चाकाशी बसता बसता विचारलं, "नागपूरले जाऊन आले? आवाज आला का?"

"आला," त्या म्हणाल्या.

मी लावलेला पाइप काढला. "कवा?"

"येताना. पांढरकवडा सोडल्यावर. जाताना बाबा पूर्ण रस्ता कडी धरून बसले होते, दीक्षाभूमीवर पाय मोडेस्तोवर फिरले. येताना त्यांना झोप लागली. कडी सुटली. हळूहळू आडवे झाले काका, डोकं उजव्या दाराले, पाय पोरींच्या मांडीवर. अख्खी सीट त्यांची. अन् असे घोरत होते की पैनगंगेच्या पुलावरच्या ट्रकचा आवाज ऐकू येत नव्हता."

मी हवेचा पाइप पुन्हा लावला. विचारलं, "मंग घरी कसं उतरवलं?"

"उतरवलंच नाही," त्या म्हणाल्या. "दिवेलागणीले घरासमोर गाडी उभी केली. मिलिंद म्हणाले, उठवू का? म्या म्हटलं, झोपू द्या. मंग आमी तशेच बसलो. मी अन् ते पुढं, दोघी पोरी मागं डाव्या कोपऱ्यात, दाराले चिकटून, अंग चोरून. त्यांची झोप मोडू नये म्हणून."